सीझन तोंडावर आणि कॅप्टनचा गुडघा साडेसात महिन्यांचा: एका महिला बास्केटबॉल टीमचं प्रकरण

ही केस एका राष्ट्रीय महिला बास्केटबॉल लीगमधल्या क्लबची आहे. देश, क्लब, खेळाडू, कुणाचंच नाव देत नाहीये, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत, पण निर्णय ज्या क्रमाने घेतले गेले तो क्रम तसाच ठेवलाय कारण मला त्याबद्दलच बोलायचंय. मी त्या सीझनला टीमच्या सपोर्ट स्टाफमध्ये होते, त्यामुळे बहुतेक मीटिंगांना खोलीत होते.

पार्श्वभूमी

कॅप्टन म्हणजे टीमची पॉइंट गार्ड, वय २३. आधीच्या सीझनच्या सेमीफायनलला फास्ट ब्रेकमध्ये (बॉल मिळताच समोरच्या बास्केटकडे धावताना) फुल स्पीडने गेली, समोर डिफेंडर आली म्हणून एकदम थांबून दिशा बदलायला गेली आणि डावा गुडघा आतल्या बाजूला वळला. कुणाचा धक्का नाही, काही नाही. बघणाऱ्याला वाटतं पाय घसरला असेल, पण एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत दोन हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट, बहुतेक वेळा अशीच फाटते, थांबताना, वळताना किंवा उडी मारून खाली येताना, आणि बास्केटबॉलमध्ये मुलींना हा धोका मुलांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो हे आता सगळीकडे मान्य झालंय. सूज उतरू दिली, गुडघा पूर्ण सरळ व्हायला लागला आणि मग ऑपरेशन झालं, तिच्याच हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूचा, टेंडन घेऊन नवीन लिगामेंट बसवलं.

आता टीम कशी होती ते सांगते म्हणजे प्रेशर कुठून आलं ते कळेल. मॅच ४० मिनिटांची, त्यातली ३३-३४ मिनिटं ही मुलगी कोर्टवर असायची. बॉल वर न्यायचा तिनेच, प्ले बोलायचा तिनेच, समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे पूर्ण कोर्टभर अंगावर येऊन अडवलं, तर तो फोडायचा पण तिनेच. बॅकअप गार्ड होती १९ वर्षांची, हुशार पण मॅचला आठेक मिनिटं खेळलेली. आणि आमची लीग छोटी आहे, डब्ल्यूएनबीएच्या (अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक लीग) टीमला २०२५ मध्ये ४४ मॅचेस होत्या, आम्हाला त्याच्या निम्म्या पण नव्हत्या, म्हणजे सुरुवातीच्या चार मॅचेस हरलात की वर्षभर कॅल्क्युलेटर घेऊन बसायचं.

अडचण

लीगचं वेळापत्रक आलं. ओपनिंग मॅच आमच्याच कोर्टवर, आणि त्या दिवशी तिच्या ऑपरेशनला साडेसात महिने होणार होते. क्लबच्या ऑफिसने लगेच सीझन तिकिटांची जाहिरात काढली आणि पोस्टरवर मधोमध कॅप्टनचा फोटो टाकला. कुणी वाईट हेतूने केलं असं अजिबात नाही, टीमचा चेहरा तीच होती, दुसरा फोटो कुणाचा टाकणार. पण त्या पोस्टरनंतर सगळ्यांच्या बोलण्यात तिची परत येण्याची तारीख ठरून गेली. सर्जनने सहाव्या महिन्याच्या चेकअपला सांगितलं होतं की पळणं चांगलं चाललंय, आता हळूहळू कटिंग (पळताना एकदम दिशा बदलणं) सुरू करा, मॅचचं नऊ महिन्यांनंतर टेस्ट बघून ठरवू. ऑफिसपर्यंत पोचेपर्यंत त्यातलं "चांगलं चाललंय" एवढंच उरलं.

ओपनिंगच्या तीन आठवडे आधी लीगला रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, द्यायचा होता. तिला ॲक्टिव्ह दाखवायचं की इंज्युअर्ड लिस्टवर टाकायचं, हे तेव्हा ठरवणं भाग होतं, कारण इंज्युअर्ड लिस्टवर टाकली तरच तिच्या जागी तात्पुरती खेळाडू घेता येणार होती.

टेस्ट केल्या. सिंगल लेग हॉपमध्ये, म्हणजे एका पायावर लांब उडी, डावा पाय उजव्याच्या ९३ टक्के. नेहमीचा निकष किमान ९० टक्क्यांचा, म्हणजे इथे पास. सगळे खूश. पण मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद मशीनवर मोजली तर ८१ टक्के. हे कसं शक्य आहे असं हेड कोचने विचारलं आणि प्रश्न बरोबर होता. उत्तर असं की लांब उडी मारताना शरीर कंबरेतून आणि घोट्यातून ताकद काढून घेतं, गुडघा मागे पडला तरी अंतर भरून निघतं. जमिनीवर उतरताना मात्र गुडघ्यालाच झेलावं लागतं आणि तिथे हिशोब चुकतो. आणखी एक गोष्ट, ही टक्केवारी उजव्या पायाच्या तुलनेत आहे आणि उजवा पाय पण इतके महिने मॅचपासून लांब होता, तोही थोडा कमजोर झालेला असणारच. म्हणजे ८१ हा आकडा पण जरा दिलदारच. दुखापतीआधी ती किती ताकदवान होती याची नोंद आमच्याकडे नव्हती.

तिसरी टेस्ट प्रश्नावलीची, एसीएल-आरएसआय म्हणतात, १२ प्रश्न, शंभरपैकी मार्क, गुडघ्यावर किती भरवसा वाटतो, पुन्हा दुखेल याची भीती किती वगैरे. तोंडाने सगळ्यांना "मी शंभर टक्के तयार आहे" म्हणणाऱ्या मुलीला यात पन्नाशीच्या आसपास मार्क आले.

समोर काय पर्याय होते

पहिला पर्याय, ओपनिंगलाच खेळवायचं पण दहाबारा मिनिटं, गुडघ्याला ब्रेस (आधाराचा पट्टा) घालून. ऑफिसला हा आवडला होता आणि हेड कोच अर्धा तयार होता. याच्या बाजूने मुद्दा एकच पण मोठा, मॅचची लय मॅचमध्येच येते, आणि दहा मिनिटांत काय बिघडणार. विरुद्ध मुद्दा हा की गुडघा फाटायला एक स्टेप पुरते, मिनिटं कमी केल्याने दमणूक कमी होते पण एकेका कटचा धोका तोच राहतो. आणि ब्रेसने आधार वाटतो हे खरं पण नवीन लिगामेंट त्याने सुरक्षित होतं असं समजून खेळवणं चूक.

दुसरा पर्याय, पूर्ण सीझन बाहेर ठेवायचं आणि चांगली अनुभवी गार्ड घ्यायची. सुरक्षित, पण विदेशी खेळाडूंचा कोटा आधीच भरलेला, आणि सीझनच्या तोंडावर देशातल्या अनुभवी गार्ड मोकळ्या नसतात. शिवाय दहाव्या महिन्यात ती सगळ्या टेस्ट पास झाली तर तिला उगाच बसवून ठेवायचं का?

तिसरा, सीझनच्या मधे राष्ट्रीय टीमच्या मॅचेससाठी लीगला ब्रेक असतो, तोपर्यंत थांबायचं. ओपनिंगनंतर साधारण दहा आठवडे, म्हणजे ऑपरेशनला पावणेदहा महिने. तोपर्यंत १९ वर्षांची मुलगी स्टार्टर, जोडीला तात्पुरत्या कॉन्ट्रॅक्टवर कुणीतरी.

फिजिओने मीटिंगला दोन अभ्यास आणले होते आणि खरं सांगायचं तर खोलीचा मूड त्याने बदलला. एक नॉर्वेतला, २०१६ चा, त्यात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत परत येणं जितके महिने लांबवाल तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा गुडघा दुखावण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने कमी होतं. दुसरा स्वीडनमधला, २०२० चा, तरुण खेळाडूंवरचा, नऊ महिन्यांच्या आत परतलेल्यांमध्ये नव्याने एसीएल फाटण्याचं प्रमाण सातपटीच्या आसपास. शिवाय वयाने २५ च्या आतले जे खेळाडू ऑपरेशननंतर पुन्हा खेळायला लागतात त्यांच्यातल्या जवळपास चौघांपैकी एकाची पुन्हा फाटते, त्याच पायाची किंवा दुसऱ्या पायाची. आमची कॅप्टन २३.

कोच म्हणाला पण मोठ्या लेव्हलला तर सगळे लवकर येतात. नाही येत. अमेरिकन खेळाडू कॅमेरॉन ब्रिंकची एसीएल १८ जून २०२४ ला गेली आणि ती डब्ल्यूएनबीएमध्ये परत खेळली २९ जुलै २०२५ ला, तेरा महिन्यांहून जास्त. पेज ब्यूकर्सची गेली ऑगस्ट २०२२ मध्ये, तिने कॉलेजचा पूर्ण एक सीझन सोडला, नोव्हेंबर २०२३ ला आली, आणि तरी २०२५ च्या डब्ल्यूएनबीए ड्राफ्टमध्ये (टीम नवीन खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) पहिला नंबर तिचाच. ज्यांच्याकडे जगातल्या सगळ्यात भारी सोयी आहेत ते वर्षभर थांबतात आणि आपण साडेसात महिन्यांवर घासाघीस करतोय, हे कुणीतरी बोललं आणि त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

पहिलं वळण: निर्णय कुणाचा

तरीही मीटिंग दोनदा काहीही न ठरता संपली. कारण अंतिम शब्द कुणाचा हेच ठरलेलं नव्हतं. सर्जन म्हणणार मी मेडिकल मत दिलं, फिजिओ म्हणणार मी आकडे दिले, कोच म्हणणार डॉक्टर हो म्हणाले तर खेळवीन, मॅनेजर म्हणणार खेळाडूची इच्छा महत्त्वाची, आणि खेळाडू तर हो म्हणणारच. सगळं ओझं फिरून फिरून २३ वर्षांच्या मुलीवर येत होतं, आणि त्याला आम्ही तिच्या मताचा आदर म्हणत होतो. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं. खेळाडूला नाही म्हणायचा हक्क हवाच, पण तिच्या एकटीच्या हो वर मॅच चालू होता कामा नये.

शेवटी एका पानावर लिहून घेतलं. सर्जन आणि फिजिओ दोघांची सही झाल्याशिवाय तिला ॲक्टिव्ह करायचं नाही, दोघांपैकी एकाने नाही म्हटलं तर विषय बंद. त्यांनी हो म्हटल्यावर किती मिनिटं द्यायची ते कोच ठरवणार, पण फिजिओने दिलेल्या कमाल मर्यादेच्या आत. आणि खेळाडू कोणत्याही पायरीला थांबा म्हणू शकते, कारण न देता. मॅनेजरचं काम एवढंच की ऑफिसकडून तारखेची विचारणा आली तर ती स्वतःपाशी थांबवायची. ते पान झाल्यावर पुढचं सगळं पंधरा मिनिटांत ठरलं, तिसरा पर्याय.

दुसरं वळण: कॉन्ट्रॅक्ट

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ते जवळपास योगायोगाने बाहेर आलं. कॅप्टन निर्णय ऐकून खूप चिडली, रडली पण. एवढी का, म्हणून मॅनेजरने शांतपणे विचारलं तेव्हा कळलं की तिच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये दर मॅचला कोर्टवर उतरण्याचा बोनस आहे, आणि निम्म्याहून जास्त मॅचेस खेळली तरच पुढच्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट आपोआप वाढतं. ब्रेकपर्यंत बसली तर निम्म्याचा आकडा गाठणं अशक्यच. म्हणजे आम्ही खोलीत बसून लिगामेंटवर बोलत होतो आणि ती घरभाड्याचा विचार करत होती, आणि दोन्ही चर्चा एकमेकींना भेटतच नव्हत्या.

मॅनेजरने क्लबच्या मालकांकडे जाऊन बदल करून आणला. मेडिकल स्टाफने थांबवलेल्या मॅचेस कॉन्ट्रॅक्टच्या हिशोबात खेळलेल्या धरायच्या, बोनसची रक्कम अर्धी मिळणार. पूर्ण नाही मिळाली, पण कॉन्ट्रॅक्ट वाढायची अट गेली. डब्ल्यूएनबीएच्या खेळाडूंनी २०२० च्या करारात बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार मिळवला होता, त्याचा दाखला मॅनेजरने दिला होता म्हणे, की शरीरामुळे मॅच चुकली तर पगार तोडणं हा काही निसर्गनियम नाही, बदलता येतो.

आणि यानंतरच्या आठवड्यात ती पहिल्यांदा फिजिओला म्हणाली, "डाव्या पायावर लँड करायची वेळ आली की मी आधीच उजव्यावर वजन टाकते, मला कळतं पण थांबवता येत नाही." व्हिडिओत ते दिसत होतंच, पण ती स्वतः बोलली नव्हती. पैशाची भीती गेल्यावर गुडघ्याची भीती बोलता आली. या वाक्यावर नंतरचं निम्मं रिहॅब उभं राहिलं.

काय केलं

कॅप्टनसाठी पायऱ्या ठरल्या. आधी एकटीने कटिंग, मग ठरवून दिलेल्या दिशेला डिफेंडरसोबत, मग डिफेंडर काय करेल ते माहीत नसताना, मग तीनवर तीन, मग पूर्ण प्रॅक्टिस. पुढच्या पायरीला जाण्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्यावर सूज नको, ही साधी अट. ताकदीचं काम आठवड्यातून तीनदा, जड वजनाचं, कंटाळवाणं, आणि ते कधीच रद्द नाही करायचं, टीम प्रवासात असली तरी.

ती बेंचवर नुसती टाळ्या वाजवत बसणार नाही हेही ठरवलं. टाइमआउटला गार्डशी आधी ती बोलायची मग कोच. याचा फायदा अपेक्षेपेक्षा जास्त झाला.

टीमसाठी खेळायची पद्धत बदलली. १९ वर्षांच्या मुलीवर प्रेस येणार हे उघड होतं, आठ सेकंदात बॉल हाफ लाइनच्या पुढे न्यायचा असतो आणि समोरच्या टीमला तेच हवं असतं. म्हणून आमच्या उंच फॉरवर्डला मध्यभागी बॉल घ्यायला शिकवलं, गार्डने पहिला पास तिला द्यायचा आणि परत घ्यायचा. तात्पुरती गार्ड मिळायला मात्र उशीर झाला, ती आली तिसऱ्या मॅचला. वॉर्मअप पूर्ण टीमसाठी बदलला, लँडिंग, बॅलन्स, हॅमस्ट्रिंगचे व्यायाम असा वीसेक मिनिटांचा, अशा प्रोग्रॅममुळे मुलींमध्ये एसीएलच्या दुखापती साधारण निम्म्याने कमी होतात हे बऱ्याच अभ्यासांमधून आलंय आणि तरी आम्ही आधी तो नीट करत नव्हतो.

पोस्टर ऑफिसने स्वतःहून बदललं, आता सगळी टीम त्यावर.

काय झालं

पहिल्या पाचपैकी चार हरलो. दुसऱ्या मॅचला तर प्रेसमध्ये पहिल्या क्वार्टरलाच एवढे टर्नओव्हर झाले, म्हणजे एवढ्या वेळा बॉल समोरच्यांकडे गेला, की कोचने टाइमआउट संपवून टाकले. बाहेरून खूप बोललं गेलं की कॅप्टन बेंचवर ठणठणीत बसलीये आणि खेळवत नाहीत. त्या आठवड्यात ऑफिसमधून मॅनेजरला दोनदा फोन आला, त्याने ते पान दाखवलं. ते पान नसतं तर तिला सहाव्या मॅचला उतरवलं असतं याबद्दल मला शंका नाही.

सहाव्या मॅचपासून फॉरवर्डकडून बॉल वर न्यायची पद्धत बसली आणि आम्ही जिंकायला लागलो. ब्रेकमध्ये पुन्हा टेस्ट, मांडीची ताकद ९१, हॉप ९६, प्रश्नावलीत सत्तरीच्या वर. दोन्ही सह्या झाल्या. परत आल्यावर पहिल्या मॅचला १२ मिनिटं, मग १६, मग २०. एकदा दोन दिवसांत दोन मॅचेस होत्या, पहिलीनंतर सकाळी गुडघा थोडा सुजला, फिजिओने दुसरी मॅच बंद केली, ती मॅच आम्ही तीन पॉइंटने हरलो आणि शेवटी एका विजयाने प्लेऑफ हुकले. कॅप्टनचा गुडघा सीझनभर टिकला.

आता हे वाचून कुणी म्हणेल बघा निर्णय बरोबर ठरला. मी तसं म्हणणार नाही. एका गुडघ्यावरून काही सिद्ध होत नाही, लवकर उतरवली असती तरी कदाचित टिकला असता, आणि थांबूनही फाटला असता तरी थांबणं बरोबरच होतं. निर्णय घेताना हातात जी माहिती होती तिच्यावरूनच तो तोलायचा.

पण एक किंमत आम्ही मोजलीच नव्हती. १९ वर्षांची मुलगी आठ मिनिटांवरून थेट ३१-३२ मिनिटांवर गेली. सातव्या-आठव्या मॅचपासून तिची नडगी दुखायला लागली, तिने दोन आठवडे सांगितलं नाही कारण तिला वाटलं जागा जाईल. स्कॅनमध्ये हाडावर ताण दिसला, फ्रॅक्चर व्हायच्या आधीची पायरी, आणि कॅप्टन परत आली त्याच आठवड्यात ती बसली. म्हणजे एका खेळाडूचा भार कमी करताना तो कुठेतरी जातो आणि कुठे जातो तिकडे कुणी बघत नव्हतं. दर मॅचनंतर सकाळी कॅप्टनचा गुडघा तपासला जायचा, हिची नडगी एकदाही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

तात्पुरती गार्ड वेळापत्रक आलं त्याच आठवड्यात शोधायला हवी होती, कॅप्टन कधी येणार हे ठरायची वाट न बघता. ती पहिल्या मॅचपासून असती तर १९ वर्षांच्या मुलीची मिनिटं बावीसच्या आत राहिली असती आणि पहिल्या पाचातली एखादी मॅच पण निघाली असती, प्लेऑफ तर एकाच विजयाने गेलं.

सह्यांचं पान दुखापत झाल्यावर आणि रोस्टरच्या मुदतीच्या दबावात लिहिलं गेलं. ते सीझनआधी, कुणाचंच नाव डोळ्यासमोर नसताना लिहायला हवं. तसंच ताकदीची मोजणी सगळ्यांची, सगळं ठणठणीत असताना, म्हणजे पुढे कुणाला काही झालं तर तुलना तिच्याच आधीच्या पायाशी करता येईल.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती कॉन्ट्रॅक्टवर. आता येत्या सीझनसाठी मेडिकल कारणाने चुकलेल्या मॅचेसचं कलम सगळ्या खेळाडूंच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये घालायचा प्रस्ताव क्लबकडे आहे. मालकांचं म्हणणं फक्त मोठ्या दुखापतींना, ऑपरेशन झालेल्यांना. मी आणि फिजिओ याच्या विरोधात आहोत, कारण त्या नडगीवाल्या मुलीचं ऑपरेशन झालेलं नाही, ती अशा कलमात बसतच नाही, आणि दोन आठवडे गप्प राहिली ती तीच. रोस्टरची मुदत यायला अजून वेळ आहे, त्याच्या आत हे कलम ठरवून घ्यायचा आमचा प्रयत्न चालू आहे.